मित्रदेशाचा बिल्ला

उत्रोलीच्या थांब्यावर ते मला एकदाच भेटले. फौजेतून निवृत्त झालेले, मांडीवर लेकीसाठी नव्या तांदळाची पिशवी. माझ्या मोबाईलवर एका मित्रदेशाशी संरक्षण करार झाल्याची बातमी चालू होती. देशाचं नाव ऐकून ते वाकून बघू लागले.

"त्यांच्या फौजेसंगं आमी सराव केलाय. त्यांच्यातला एकजण रोज त्याच्या जेवणातलं मला खाया द्यायचा. म्या हातवारे करून सांगितलं, तुला आमच्या शेतातला भात खाऊ घालीन."

खिशातून त्यांनी त्या सैनिकाचा बिल्ला काढला, अंगठ्यानं पुसला. सराव संपवून निघताना दोघांनी बिल्ले बदलले होते, पत्ता विचारायचा मात्र राहून गेला.

एसटी आली. उठताना ते म्हणाले, "देशांची दोस्ती टिकली बघा. आमची न्हाई टिकली."

मोबाईलवर दोन्ही देशांचे मंत्री अजून हात हातात धरून उभे होते.