जनूच्या बंदरावर

पहाटे होड्या निघतात तेव्हा मला जाग येते, आणि त्या खाडीबाहेर गेल्या की पुन्हा डोळा लागतो. मधला वेळ ना झोपेचा ना जागेपणाचा. इंजिनांचा आवाज लांब लांब जातो आणि मी पडल्या पडल्या त्याच्या मागे जाते. आज जास्तच मागे जाते, कारण आज मला उठायचं नाही. उठले की भटजी येणार. ते दर्भाचा माणूस करणार, त्याला जनार्दन म्हणणार आणि जाळणार.

जनार्दन माझा मुलगा. घरात जनू. परदेशी प्रवाशांना फिरवणाऱ्या मोठ्या जहाजावर तो स्वयंपाकघरात कामाला होता. पार उत्तरेला, नॉर्वे देशातल्या एका बंदराजवळ तो एका सकाळी जहाजावर सापडला नाही. पाण्यातही सापडला नाही. फोनवरचा माणूस ‘बेपत्ता’ म्हणाला. बेपत्ता म्हणजे मेलेला नव्हे, एवढं एक धरून मी इतकी वर्षं बसले. सून सुगंधा माझ्या शेजारी बसली, गळ्यात मंगळसूत्र ठेवून. आता गावकी म्हणते, तिचा भाऊ म्हणतो, भटजी म्हणतात, मोकळं करा दोघांना. फक्त आईने हो म्हणायचं राहिलं आहे.

इंजिनाचा आवाज थांबतो. माझ्या पायाखाली लाकडाच्या फळ्या आहेत आणि समोर जनू उभा आहे.

"चल आये, पाय उचल. एकच दिवस मिळालाय."

अंगात त्याचा पांढरा कामाचा सदरा. केस ओले नाहीत. मी आधी केसच बघते. मागे जहाज उभं आहे, आमचा अख्खा कोळीवाडा एकावर एक रचला तरी त्याच्या कठड्याला लागणार नाही एवढं. त्यातून माणसं उतरतायत, उतरतायत, संपतच नाहीत. समोर डोंगर सरळ पाण्यातून वर आलेत. मध्ये ना वाळू, ना कातळ. वर बर्फ, खाली काळंहिरवं पाणी, आणि काठाला लाल, पिवळी लाकडी घरं पाण्यात पाय सोडून बसलेली.

"हेच का रे ते? फोटोतलं?"

"हेच. तू म्हणालीस, चित्र काढलंय कुणीतरी."

"मग? डोंगर असा बुडी मारल्यासारखा उभा राहतो का कुठे?"

"राहिलाय बघ. हात लाव हवा तर."

तो हसतो. मी त्याच्या मनगटाला हात लावते. मनगट गरमही नाही, गारही नाही. जहाजावरच्या माणसांच्या घरच्यांनाही कधी कधी फिरवतात, तुला एक दिवस इथे उतरवीन, असं तो फोनवर सांगायचा. मी म्हणायचे, माझ्या सुक्या मासळीचा गाळा कोण बघेल, तुझा बाप वरून येईल का? तो दिवस हाच, हे मला कळतं. सूर्य डोंगराच्या खांद्यावर टेकलाय आणि खाली जात नाही.

आम्ही चालतो. माणसं थांबून थांबून माझ्याकडे बघतात. एक गोरी बाई फोन वर करते.

"लुगड्याचा फोटो काढतेय," जनू म्हणतो. "इथे असं कासोटा मारलेलं कुणी बघितलेलं नाही."

"काढू दे. तिला सांग, फुकट नाही."

"आये, तू इथेही धंदा करशील."

"न करून कसं? तुला काय झाडाने वाढवलं?"

रस्त्यावर दुकानं आहेत आणि दुकानांवर पाट्या आहेत. पाट्या मराठीत आहेत, त्याचं मला नवल वाटत नाही. मी एकेक अक्षर जुळवते. लोकर. कंदील. तिसऱ्या दारावर नुसतं ‘बंद’.

जनू थांबतो. "तू वाचतेस?"

"साठी उलटल्यावर शिकले. तुझ्या बायकोने शिकवलं. तिला वाटलं, सासूचं मन रमेल. मला वाटलं, तुझं काही आलं तर ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला नको."

"आलं काही?"

"नाही."

थोडं पुढे गेल्यावर तो विचारतो, "कशी आहे ती?"

"बारीक झालीय. कोळंबी सोलायच्या कारखान्यात जाते. बोटं पांढरी पडतात, रात्री तेल लावून देते मी."

"भांडता का?"

"भांडतो की. ती म्हणते, मी जोरात टीव्ही लावते."

"तिला सांग..." तो म्हणतो, आणि पुढचं सांगत नाही. मी वाट बघते. रस्ता चढाचा होतो, बर्फ पायाशी येतो, मग बर्फही मागे राहतो. त्याला जे सांगायचं होतं ते मला अजून माहीत नाही.

"जनू, पाय घसरला का रे? की कुणी...?"

"आये." तो माझ्याकडे बघत नाही. "दिवस एकच आहे. तो यात नको घालवू."

विचारायला नको होतं असं वाटतं आणि परत विचारावंसंही वाटतं.

‘बंद’ लिहिलेलं दार आमच्या समोर परत येतं. जनू ते ढकलतो आणि आम्ही आत जातो. आत आमचं स्वयंपाकघर आहे. तीच मोरी, तीच फळी. खिडकीतून मात्र ते बर्फाचे डोंगर दिसतात. जनू कुणी न सांगता फळीवरून आपलं ताट काढतो, जमिनीवर ठेवतो आणि मांडी घालून बसतो.

आमच्यात दर्यावर गेलेल्या माणसाचं ताट पालथं घालत नाहीत. ताट पालथं तर होडी पालथी. धुतलं, पुसलं की उताणंच ठेवायचं. तो आला की त्यात जेवतो. येणारच नाही असं ठरलं तर आधी त्याच्या आईने ते पालथं घालायचं, मग बाकीचे विधी. जनूचं ताट मी अजून उताणं ठेवलंय. सुगंधाने एकदा धुताना चुकून उपडं धरलं तर मी तिच्या हातावर मारलं.

जनू ताटात बघतो. "यात काय असतं रोज?"

"काय असणार? पुसून ठेवते."

"हं."

"का रे?"

"उताणं ताट दिसलं की वाटतं, बोलावलंय. मग येतो, बसतो. कुणी वाढत नाही. मग उठून जातो."

"रोज?"

"रोज."

"मला काय माहीत! मला वाटलं, तुझी जागा राखून ठेवली मी. जनू, मी आजपासून वाढते. दोन्ही वेळा वाढते. तुझं आवडतं..."

"वाढशील. मग तू नसशील, तेव्हा सुगंधा वाढेल. तीही म्हातारी होईल. आणि मी इथेच बसलेला." तो ताटाच्या कडेवरून बोट फिरवतो. "भूक नुसती लागते, आये. जेवता येत नाही. सुटतही नाही."

"पालथं घातलं तर भूक जाईल?"

"ती जाईल."

"आणि तू?"

तो उठतो. "चल, मासे दाखवतो तुला. तुझ्या कामाचे."

आम्ही उघड्यावर आहोत. लाकडांचे उंच मांडव आणि त्यांवर मासाच मासा. मुंडकी उडवलेला, शेपट्यांना जोडीजोडीने बांधलेला, हजारोंनी. वाऱ्यावर तो एकमेकांवर आपटतो, लाकडावर लाकूड आपटावं तसा. माझा जीव जरा जागेवर येतो. हे मला कळतं.

"मीठ कुठेय?"

"लावत नाहीत."

"बोंबील, जवळा बिनमिठाचा वाळतो. एवढा जाड मासा बिनमिठाचा? आतून कुजेल की!"

"थंडीने वाळतो. इथे माशीसुद्धा गारठते."

मी अंगठ्याने दाबून बघते. दगड. "हा मी बाजारात मांडला तर गिऱ्हाईक माझ्याच डोक्यात घालेल."

जनू मोठ्याने हसतो. लहानपणी हसायचा तसा, पोट धरून. आणि त्याच्या हसण्यावरच जहाजाचा भोंगा वाजतो.

तो हसायचा थांबतो. "मला जायचंय."

"नको जाऊ."

"आये."

"इथे राहू दोघं. मी मासे वाळवीन यांचे. कुणाला काय कळतंय?"

"इथं मला कुठे राहता येतंय?"

"मग उपाशी नको जाऊ. एवढं तरी ऐक."

मी जोडीतला एक मासा ओढते आणि दातांनी त्याचा तुकडा तोडते. माझे दात थोडेच उरलेत, पण तुटतो. जनूला दात यायच्या आधी मी बोंबील चावून, मऊ करून त्याच्या तोंडात घालायचे. तसंच करायचं ठरवते. चावते. मासा मऊ होत नाही. दोरखंड चावल्यासारखा नुसता धागाधागा होतो. जनू समोर उभा आहे, तोंड उघडून. एवढा मोठा माणूस, मिशा असलेला. भोंगा पुन्हा वाजतो. मी जोरात चावते, जबडा ठणकतो, डोळ्यांतून पाणी येतं. चवीला मीठ नाही, नुसता गारवा.

तो तोंड मिटतो.

"राहू दे, आये."

मी हाताने खूण करते, थांब, होतंय मऊ.

"राहू दे. ताट पालथं घाल."

तो वळतो. लोक परत जहाजाकडे चाललेत आणि सगळ्यांच्या अंगात पांढरे सदरे आहेत. त्यातला माझा कोण ते कळत नाही. मला हाक मारायची आहे. तोंड भरलेलं आहे. थुंकलं तर हाक मारता येईल, पण थुंकलं तर त्याचा घास जाईल. मी चावत राहते. जहाज काठापासून सुटतं, मधलं पाणी रुंद होतं, काळंहिरवं, आणि मी चावत राहते.

"आई, उठा. भटजी आलेत."

सुगंधा माझा खांदा हलवतेय. खिडकीत उजाडलंय. ती माझ्या तोंडाकडे बघते.

"काय चावताय?"

माझा जबडा हलतोय. मी तो थांबवते. दाढेच्या फटीत काहीतरी अडकलंय. बोट घालून काढते. माशाच्या मांसाचा पांढरा धागा आहे, जाड, ताठ. जिभेवर ठेवून बघते. मिठाचा कण नाही. विधीसाठी घरात तीन दिवस मासळी शिजलेली नाही. आणि असा मासा माझ्या अख्ख्या आयुष्यात माझ्या गाळ्यावर आला नाही.

मी काही सांगत नाही. उठून स्वयंपाकघरात जाते, फळीवरून ताट काढते, जमिनीवर ठेवते आणि तो धागा मधोमध ठेवते. सुगंधा मागून येऊन उभी राहते.

बाहेरून भटजी विचारतात, "आईंचा होकार आहे ना?"

सुगंधा ताटाला हात लावायला वाकते.

"थांब," मी म्हणते. "त्याचं होऊ दे."

ती माझ्या शेजारी बसते. भटजी पुन्हा विचारतात, मग विचारायचे थांबतात. आम्ही दोघी ताटाकडे बघत बसतो. चूल पेटलेली नाही, घरात कसलाच आवाज नाही. धागा आहे तिथेच आहे. बराच वेळ जातो. सुगंधा माझा हात धरते, तिचा हात पांढरा आणि गार आहे.

धागा आहे तिथेच आहे.

मी ताट पालथं घालते.