कपाटाखालचा भुसा

पुस्तकांच्या कपाटाखाली आज पुन्हा पिवळट भुसा सांडला होता, चाळलेल्या पिठासारखा बारीक. या आठवड्यात तिसऱ्यांदा पुसला. जुन्या सागवानाला कीड लागत नाही, हे मला कपाट करणाऱ्या सुतारानंच सांगितलं होतं.

बाबा गेल्यावर त्यांचं लिहायचं सागवानी टेबल मोडून मी हे कपाट करायला दिलं. "फळ्या मशीनवर तासाव्या लागतील, ताई," म्हणत सुतार त्या आपल्या दुकानात घेऊन गेला. परत आणल्या त्या गडद पॉलिश चढवूनच. कपाट उभं राहिलं तेव्हा त्यावरून हात फिरवताना मला रडू आवरलं नाही. कुणाच्या लाकडावर रडले, देव जाणे.

लाकूड गेलं, तेही सोसलं असतं. पण टेबलाचं माप घ्यायला आला त्या दिवशी चहा देताना मी त्याच्याशी बाबांबद्दल किती बोलले! हातातली टेप तशीच धरून तो ऐकत राहिला. मग हळूच म्हणाला, "किती वर्षं होतं हे त्यांच्याकडे?"

बाबांबद्दल इतक्या मायेनं कुणीच विचारलं नव्हतं. मी सांगितलं, "चाळीस."

तो लाकडाचं वय विचारत होता.