मामीला कोणी विचारलं होतं?

शनिवारचं अर्ध्या दिवसाचं कॉलेज सुटतं आणि शालिनी बोरकुटे घरी येते ती धुसफुसतच. साडीसुद्धा न बदलता ती कूलरसमोर आडवी होते. डोळे मिटतात, पण डोकं तापलेलं ते तापलेलंच.

वरोऱ्याच्या ज्युनियर कॉलेजात ती जीवशास्त्र शिकवते. बारावीच्या पोरांना बाहेरगावचं कॉलेज शोधून द्यायचा उद्योग तिने आपणहून अंगावर घेतलेला. श्रुतिका वाढईसाठी तिने अमरावतीचं अन्नतंत्रज्ञानाचं कॉलेज शोधलं. होस्टेलच्या बाईंना फोन केले, तिथल्या मुलींशी बोलली, पाणी कसं, मेस कशी, ताप आला तर दवाखान्यात कोण नेतं, सगळं खोदून खोदून विचारलं. आणि आज श्रुतिकाचे वडील, विलासभाऊ, स्टाफरूममध्ये येऊन शांतपणे म्हणतात, "ते ठीक आहे मॅडम, पण तिथे आपलं कोण आहे?" नागपुरात त्यांचा धाकटा भाऊ आहे. म्हणून पोरीने नागपुरात, काकाच्या घरी राहून, मिळेल ते बी.एस्सी. करायचं! प्रवेशासाठी कॉलेजचे पर्याय भरायची मुदत उद्या संपते. कॉलेज निवडायचंय की पाहुणचार? शालिनीच्या अंगाचा नुसता तिळपापड झालाय.

कूलरची घरघर हळूहळू लांब जाते. स्टाफरूममध्ये, विलासभाऊ बसले होते त्याच खुर्चीवर, अनसूयामामी बसलीय. मांडीवर मेथीची जुडी. मामी जाऊन बरीच वर्षं झाली हे शालिनीला ठाऊक आहे. मामीलाही ठाऊक असावं, पण तो विषय कोणीच काढत नाही.

"काय वो शालू," मामी मेथी खुडत विचारते, "लोकाइले माह्याबद्दल काय सांगून रायली तू?"

"खरं तेच!" शालिनी तडकते. "पोरींना नातेवाइकांकडे ठेवू नका म्हणते. तुझ्याकडे राहून शिकले ना मी? परीक्षेच्या सकाळीसुद्धा पोळ्या लाटून जायचे. प्रॅक्टिकलला उभी राहिले तरी बोटांना कणीक!"

टेबल होतं तिथे आता ओटा आहे. नागपूरची दोन खोल्यांची जागा. मामीची सासू, दीर, पोरं, सगळी भिंतीला लागून भर दुपारी झोपलेली, आणि शालिनीला पाय ठेवायला जागा मिळत नाहीये. तवा तापून धूर निघतोय.

मामी जुडी ओट्यावर आपटते. "आन मले? मले कोनं विचारलं होतं? तुह्या मायनं तांदूळ पाठवला, तुह्या मामानं हो म्हटलं, आन तू बॅग घेऊन दारात उभी. मले तवा समजलं! एवढ्या लोकाइच्या पोया एकटीनं लाटाव्या का मानसानं?"

शालिनी आणखीच चिडते. एवढी वर्षं तिने या बाईवर राग धरला, आणि ही बाई तर तिच्याहून जास्त रागावलेली निघाली.

"मग नाही म्हणायचं होतंस!"

"कोनाले म्हनू? विचारल्याबिगर नाही म्हनता येते काय?"

ओटा नाही, धूर नाही. होस्टेलचा लांब व्हरांडा, दोरीवर वाळत घातलेले टॉवेल. मामी एकेका दारातून आत डोकावत चाललीय. एका खोलीशी थांबते. एक कॉट, एक टेबल, एक कपाट.

"हे एकीचंच?"

"एकीचंच."

मामी आत जाऊन कॉटवर बसून पाहते. "मंग मलेच ठेव न इथं," ती म्हणते. रागाने की कशाने, ते शालिनीला कळत नाही.

मग एकदम उठून ती शालिनीचा पदर ओढते. काही लक्षात ठेवायचं असलं की मामी पदराला गाठ मारायची, तशीच करकचून गाठ मारते. "विसरशील तू. त्या पोरीच्या काकूले फोन कर. आधी तिले विचार."

शालिनीला जाग येते. ऊन उतरलंय, घरात दुसरं कोणी नाही. आणि पदराच्या टोकाला गाठ आहे.

ती बराच वेळ गाठ चाचपत बसते. मग श्रुतिकाकडून तिच्या काकूचा नंबर घेऊन नागपूरला फोन लावते.

"वर्षाताई, मी श्रुतिकाची शिक्षिका. ती तुमच्याकडे राहून शिकणार आहे ना, तुम्हाला चालेल का, एवढंच विचारायचं होतं."

पलीकडे कुकरची शिट्टी होते.

"आमच्याकडे? कधीपासून?"

"कॉलेज सुरू झालं की."

"मॅडम, हे मला तुमच्याकडून कळतंय!" वर्षाताईंचा आवाज चढत जातो. "पोरगी गुणाची आहे, तिच्याबद्दल काही नाही. पण या घरात मी राहते का नाही? ठेवा फोन. भाऊजींना मीच विचारते."

शालिनीच्या चहाला उकळी येते न येते तोच विलासभाऊंचा फोन.

"मॅडम, तुम्ही आमच्या घरात भांडण लावून दिलं."

"दिलं," शालिनी म्हणते. "पुढे?"

विलासभाऊ धुमसत राहतात. शालिनीही माघार घेत नाही, फोन कानाला लावून उभीच राहते. शेवटी ते म्हणतात, "त्या अमरावतीच्या होस्टेलवाल्या बाईंचा नंबर पाठवा जरा."

नंबर पाठवून ती गाठ सोडवायला बसते. नखं दुखून येतात, दातांनी ओढून होतं, पण गाठ तसूभर हलत नाही. तिचे डोळे भरून येतात आणि त्याचाही तिला राग येतो.

"कोणीतरी विचारायला हवं होतं गं तुला," ती रिकाम्या घरात मोठ्याने म्हणते, आणि गाठीसकट पदर कमरेला खोचते.