अठ्ठेचाळीस गाद्यांचे काठ

माझ्या सासूबाईंचं कौतुक करायला मी बसेन असं मला कुणी लग्नाच्या वर्षी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. राग त्यांच्या नाकावर असतो. भाजी चिरताना माझा हात चुकला, तर आधी सुरीकडे बघतात, मग माझ्याकडे. आमचं पटत नाही असं नाही, पण रोज एकदा तरी वाजतं, आणि त्यात माझा नवरा वर्तमानपत्राआड जातो. तेव्हा मी जे सांगणार आहे ते सुनेचं गोड बोलणं समजू नका. माझ्या डोळ्यांदेखत घडलं, म्हणून सांगते.

सासूबाईंनी एकतीस वर्षं गाड्यांच्या सीट कव्हरच्या दुकानात काम केलं. दुकान म्हणजे गॅरेजच्या गल्लीतली एक लांबट खोली. एका भिंतीला रेक्झिनचे गुंडाळे, दुसऱ्या भिंतीला फोमचे तक्ते आणि मधे तीन दणकट मशिनं. तिथे बाई एकट्याच, बाकी सगळे पुरुष. पहिल्या महिन्यात त्यांना नुसतं कापायला दिलं होतं, वर्षभरात दुकानातला सगळ्यात अवघड कोपरा, म्हणजे डोकं टेकायच्या उशीची गोलाई, त्यांच्याशिवाय कुणी शिवेना. एकदा एक ट्रकवाला तावातावाने आला, म्हणाला, तुमची शिवण सहा महिन्यांत उसवली. सासूबाई उठल्या, गल्लीत उभ्या असलेल्या ट्रकमध्ये चढून बसल्या, सीटखाली हात घालून आल्या आणि म्हणाल्या, "हा टाका माझा नाही. ज्याचा आहे त्याच्याकडे जा." तो निमूट गेला. ही गोष्ट त्या अजूनही सांगतात, आणि दर वेळी ट्रक थोडा मोठा होतो.

आमच्या चर्चमधले बाक लाकडी, कडक. मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना बारा-बारा. एका बाकावर दोन घरं, म्हणजे अठ्ठेचाळीस घरं झाली. सासूबाईंनी मालकाला विचारून फोमचे उरलेले तुकडे आणले आणि दुकान सुटल्यावर बसून प्रत्येक घराला एकेक लांब गादी शिवली. कापड सगळ्यांना एकच राखाडी, पण कडेची पाइपिंग, म्हणजे जाड गोल काठ, प्रत्येक घराची वेगळ्या रंगाची. मुख्याध्यापकांच्या घराला निळी, बेकरीवाल्यांना पिवळी, आम्हाला लाल. एवढे रंग कुठून आणले हे त्यांनाच ठाऊक. नुसता काठ बघून कुणाचं घर ते त्या सांगत. सगळ्या पॅरिशने, चर्चच्या अख्ख्या वस्तीने, तेव्हा त्यांना डोक्यावर घेतलं होतं, आणि 'गादीवाल्या बाई' हे नाव पडलं ते कायमचं.

दर शनिवारी जेवणं झाली की त्या चर्चला जायच्या, बाजूच्या खोलीतलं कपाट उघडायच्या आणि अठ्ठेचाळीस गाद्या आपापल्या जागी घालायच्या. रविवारी मिस्सा, म्हणजे फादरांसोबतची प्रार्थना, झाली की झटकून परत कपाटात. त्यांचं मनगट दुखायला लागल्यापासून ओझं माझ्याकडे आलं. गाद्या मी वाहायच्या, सासूबाईंनी घालायच्या.

आता यातली मेख अशी, की अठ्ठेचाळीसपैकी येणारी घरं उरली होती एकोणीस. कुणाची मुलं परदेशी गेली, कुणी मोठं घर घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलं, कुणाच्या घराला कुलूप लागलं. गाद्या मात्र सगळ्या घातल्या जायच्या. मी एकदा म्हटलंसुद्धा, "आई, ही हिरवी कुणासाठी? ते सगळे गेले ना?"

"आणि आले तर?" त्या म्हणाल्या. "आल्यावर आपली जागा नाही असं वाटायला नको माणसाला."

आमच्या लाल गादीची तऱ्हा आणखी वेगळी. तिसऱ्या बाकावर वाटेच्या कडेला सासूबाई बसायच्या, त्यांच्या शेजारची जागा माझ्या सासऱ्यांची. सासरे जाऊन नऊ वर्षं झाली, पण ती वीतभर जागा रिकामीच. मी आणि नवरा ती ओलांडून पलीकडे बसायचो. एका रविवारी चुकून मी तिथे टेकले, तर मिस्साभर माझ्याकडे अशी नजर होती की मला प्रार्थनेचे शब्द आठवेनात.

मग बिशपांचं पत्र आलं. फादरांनी ते वेदीवरून वाचलं. शेजारशेजारच्या तीन पॅरिश, फादर उरले दोन, त्यातले एक सत्तरीचे. तिन्ही चर्च पूर्वीसारखी चालवणं शक्य नाही. प्रत्येक पॅरिशने सहा महिन्यांत आपली पुढची योजना द्यायची, एक समिती येऊन बघणार, आणि मग कुठे रविवारची मिस्सा राहील आणि कुठे नुसती दफनापुरती दारं उघडतील ते ठरणार. सासूबाई ताठ बसून होत्या. याच चर्चमध्ये त्यांचं लग्न झालं, इथूनच त्यांनी नवऱ्याला निरोप दिला. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाल्या, "बंद करतात म्हणजे काय? बघतेच."

फादरांनी घरोघरी जायला जोड्या केल्या. जुन्या गोदामांच्या जागी नव्या इमारती झाल्या होत्या. तिथे बाहेरगावाहून आलेली कॅथलिक कुटुंबं राहायची, नर्स, ड्रायव्हर, हॉटेलातले स्वयंपाकी. आमचं चर्च चालत दहा मिनिटांवर, आणि ही माणसं दर रविवारी बसने पाऊण तास लांबच्या चर्चला जायची. का, ते विचारायला सासूबाई निघाल्या, आणि त्यांना 'तुम्ही नको' म्हणायची कुणाची छाती नव्हती. सोबत मी.

दुसऱ्या मजल्यावर एक नर्स राहायची. नुकतीच रात्रपाळी करून आली होती, केस ओले, डोळ्यांत झोप, तरी तिने आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं आणि चहा टाकला. सासूबाईंनी थेट विचारलं, "जवळ चर्च असताना लांब कशाला जाता हो? आमचं काय वाईट आहे?"

नर्सने गॅस बारीक केला. "आलो होतो ना. तीन रविवार आलो. बाळ तेव्हा चार महिन्यांचं होतं. पहिल्या रविवारी एका गादीवर बसलो तर एक आजी आल्या, म्हणाल्या, ही हिरवी दुसऱ्यांची आहे. आम्ही उठलो. दुसऱ्या रविवारी वेगळ्या रंगाची पाहून बसलो, तर तिथल्या काकांनी उठवलं. चर्च निम्मं रिकामं होतं, पण गादी सगळीकडे घातलेली. मला वाटलं, इथे आधी नाव नोंदवावं लागत असेल. तिसऱ्या रविवारी दाराजवळ उभेच राहिलो. बाळाला घेऊन तासभर उभं राहणं होईना, मग सोडलं." ती हसली, मनात काही न ठेवता. "सवयीचं झालंय आता बसने जाणं."

तिने सासूबाईंना ओळखलं नव्हतं. आजी म्हणजे कुणीही आजी. मी मान खाली घालून रिकाम्या कपाकडे बघत बसले. गप्प राहिलं असतं तर निभावलं असतं, आणि खरं सांगते, मी त्यांच्या जागी असते तर गप्पच राहिले असते.

"ती आजी मीच," सासूबाई म्हणाल्या. "हिरवी गादी ज्यांची, ते चौदा वर्षांपूर्वी गेले. त्यांच्यासाठी मी तुम्हाला उठवलं. चुकलं माझं."

नर्सने घाईघाईने बिस्किटं पुढे केली. सासूबाईंनी एक घेतलं, चहा पूर्ण प्यायल्या आणि उठल्या. जिन्यात मी समजूत घालायला गेले, "आई, गैरसमज झाला त्यांचा, तुम्ही काय मुद्दाम..."

"गैरसमज कसला?" त्या माझ्यावर खेकसल्या. "दुसरं कुणी बसू नये म्हणूनच घातली होती ना मी ती? बरोबर समजलं त्यांना."

पुढचे दोन दिवस माझी भाजी कशीही चिरलेली त्यांना चालली. मला ते भांडणापेक्षा जड गेलं.

योजनेची बैठक सभागृहात होती. निवृत्त मुख्याध्यापक अध्यक्ष. दर्शनी भिंतीला रंग द्यायचा, नवे स्पीकर बसवायचे, चर्चच्या इतिहासाची पुस्तिका काढायची, असं बरंच काही फळ्यावर लिहून झालं होतं. सासूबाईंनी हात वर केला आणि उत्तराची वाट न बघता उभ्या राहिल्या.

"रंग द्या, पुस्तिका काढा. पण लोक येत नाहीत हे खोटं आहे. लोक आले होते. मी उठवलं त्यांना. माझ्या गाद्यांनी उठवलं. तुमच्यापैकी आणखी कुणी उठवलं तेही मला माहीत आहे, पण मी माझ्यापुरतं बोलते. या रविवारपासून कुठलीच गादी कुणाची नाही. काठ मी उसवणार."

गलका झाला. मुख्याध्यापक दुखावलेच. "बाई, ती गेलेल्या माणसांची आठवण आहे. माझ्या भावाची जागा आहे तिथे."

"सर, तुमचा भाऊ बावीस वर्षांत एकदा आला. तोही बाहेर गाडी चालू ठेवून." कुणीतरी फिस्सकन हसलं. सासूबाई हसल्या नाहीत. "माझा नवरा तिथे बसायचा. मला काय सोपं जातंय असं वाटतं का तुम्हाला?"

फादरांनी फळ्यावर सगळ्यात खाली 'गाद्या' एवढा एक शब्द लिहिला.

पाच आठवडे आमचं घर गाद्यांनी भरलं होतं. पहिली उसवली ती आमची लाल. आपल्या हातचा बारीक, एकसारखा टाका ब्लेडने एकेक तोडताना सासूबाई एकदाही अडखळल्या नाहीत. मीच अडखळले, म्हणून मला ओरडा बसला. दुकानाच्या मालकाने राखाडी पाइपिंगचा अख्खा गुंडाळा पाठवला. मनगटाला पट्टा बांधून, सत्तरी उलटलेल्या त्या बाईने अठ्ठेचाळीस गाद्या नव्याने शिवल्या आणि प्रत्येकीला खालून पट्टे लावले. गाद्या आता बाकांना बांधूनच टाकल्या, दर शनिवारी घालायच्या नाहीत. आणि संध्याकाळी, बोटं सुजलेली असताना, त्या मला घेऊन त्या इमारतींमध्ये जायच्या. घरोघरी तेच सांगायच्या, "चूक आमची होती. एकदा येऊन बघा." माझ्या सासूबाईंच्या तोंडून 'चूक' हा शब्द मी आठ वर्षांत ऐकला नव्हता. त्या महिन्यात तीस-चाळीसदा ऐकला. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की बोलून दाखवायची लाज वाटली.

समिती आली त्या रविवारी नर्सचं कुटुंब आलं. रांगेत पुढे जागा दिसली म्हणून ते सरळ तिसऱ्या बाकावर वाटेच्या कडेला जाऊन बसले, सासऱ्यांच्या जागी बाळ, आता चालायला लागलेलं. सासूबाई मागून आल्या. त्यांनी पाहिलं. नर्सचं लक्ष गेलं, ती गडबडीने उठायला लागली. सासूबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं, बाळाच्या पायातला निघालेला बूट नीट घातला, आणि मागे जाऊन शेवटच्या बाकावर बसल्या. तेव्हापासून त्या तिथेच बसतात.

सगळं चित्र पालटलं, असं मी म्हणणार नाही. जुन्या घरांपैकी दोन रुसली, ती अजून रुसलेलीच आहेत. नवी घरं आली ती तेरा. एका ड्रायव्हरने चर्चचं गळकं पन्हाळं दुरुस्त करून दिलं, नर्स आणि तिच्या मैत्रिणी घरी आजारी पडून असलेल्यांना भेटायला जाऊ लागल्या. मुख्याध्यापकांनी पुस्तिका काढलीच, आणि ती कुणी वाचत नाही म्हणून ते आता नव्या मुलांना वाचन शिकवतात.

दोन महिन्यांनी बिशपांचं उत्तर आलं. फादरांनी मिस्साच्या शेवटी कागद उघडला. फादर इथे मुक्कामाला राहणार नाहीत, कार्यालय दुसऱ्या पॅरिशला जाईल, पण रविवारची मिस्सा आमच्याकडे राहील. लोकांनी टाळ्याच सुरू केल्या. फादरांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं, पुढे एक ओळ होती: 'समितीने भेट दिलेल्या चर्चपैकी याच ठिकाणी, आलेल्या प्रत्येक माणसाला कुणीतरी उठून जागा करून देताना आम्ही पाहिलं.'

मी वळून शेवटच्या बाकाकडे बघितलं. सासूबाईंचं पत्राकडे लक्षच नव्हतं. कामाच्या कपड्यांतला कुणी माणूस उशिरा आला होता, दारात घुटमळत होता. त्या त्याला खुणेने बोलावत होत्या, सरकत होत्या, शेजारच्यालाही सरकवत होत्या.

घरी परतताना त्यांनी विचारलं, "राहिलं म्हणे चर्च. ते कळलं मला. त्यापुढे फादर काय वाचत होते गं? त्या माणसाच्या नादात मी ऐकलंच नाही."

मी ती ओळ म्हणून दाखवली. सबंध, एकही शब्द न गाळता.

"हं," त्या म्हणाल्या, आणि गुडघे दुखत असतानाही पावलं उचलून माझ्यापुढे चालू लागल्या. मी मुद्दाम मागे राहिले. रडताना कुणी बघितलेलं त्यांना चालत नाही.