मिल्काआत्याकडे ठेवलेली माणसं

आमच्या मिल्काआत्याला जिवंत माणसांची नावं लक्षात राहत नसत. माझं नाव ओबेद. मी साठीला टेकलो तरी ती मला शमू म्हणायची. शमू म्हणजे माझे वडील, तिचा धाकटा भाऊ, आणि त्यांना जाऊन पंचवीस वर्षं झाली होती. सुरुवातीला मी दुरुस्ती करायचो. "आत्या, मी ओबेद." "ठाऊक आहे रे," ती म्हणायची, "शमू, जरा नारळ फोड." शेवटी मी नाद सोडला. माझ्या बायकोला तिने तीस वर्षांत पाच नावं लावली आणि त्यातलं एकही बायकोचं नव्हतं.

मेलेल्यांच्या बाबतीत मात्र तिचा हात धरणारं पनवेलात कोणी नव्हतं.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. मराठी बोलतो, शनिवार पाळतो आणि सिनेगॉगला मशीद म्हणतो, त्यामुळे नवा रिक्षावाला आम्हाला हमखास भलत्याच दारात उतरवतो. एके काळी आमच्या आळीत शनिवारी एकाही घरात चूल पेटत नसे. मग एकेक कुटुंब इस्राएलला गेलं. जाताना लोकांनी कपाट याला दिलं, पाटा-वरवंटा त्याला दिला आणि मेलेली माणसं मिल्काआत्याला दिली. निघायच्या दिवशी दारात यायचे आणि म्हणायचे, "आत्या, आमच्या बाबांचा दिवस तेवढा बघ हं." आत्या म्हणायची, "ठेवून जा." जसं काही लोणच्याची बरणी ठेवायला आलेत. अशी तेवीस माणसं तिच्याकडे जमली. चोविसावे तिचे स्वतःचे यजमान, बेंजामिन आतोबा.

आमच्यात माणूस गेल्याच्या दिवशी दर वर्षी घरात मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर सुका मेवा, ताटाभोवती पाच फळं आणि मधोमध गुलाब. मग फळांवर आशीर्वाद म्हणायचे आणि हशकाबा वाचायचा. हशकाबा म्हणजे मेलेल्याचं नाव घेऊन त्याच्या जिवाला शांती मागायची प्रार्थना. ती वाचायचं काम माझ्याकडे होतं. माझं हिब्रू गुडघे दुखणाऱ्या माणसासारखं चालतं, दर पायरीवर थांबून. आत्या मागून ढोसायची, "शमू, आवर. पोहे फुगतायत."

बरं, सगळ्यांना एकच मलिदा चालत नसे. शालोमकाका मनुकांना माशा म्हणायचे, म्हणून त्यांच्या दिवशी मनुका वर्ज्य. हानाबाईंना दात नव्हते, म्हणून त्यांच्या दिवशी केळी काळी पडेपर्यंत पिकवलेली. "मेल्यावर दात लागतात का, आत्या?" मी एकदा विचारलं. "तू गेलास की कळव," ती म्हणाली.

प्रार्थना झाली की हातात मलिद्याची वाटी घेऊन ती त्या माणसाची गोष्ट सांगायची, आणि ऐकायला फक्त मी असलो तरी सभा भरल्यासारखी सांगायची. शालोमकाकांची तर मला तोंडपाठ आहे. रोश हाशानाला, म्हणजे आमच्या नव्या वर्षाला, मशिदीत मेंढ्याचं शिंग फुंकतात. तो मान शालोमकाकांचा. ते वर्षभर खिडकीत बसून सराव करायचे. खिडकीत शिंग असं वाजायचं की गल्लीतल्या म्हशी दावं तोडायच्या, पण मशिदीत उभे राहिले की नुसती हवा. एका वर्षी फुंकून फुंकून काकांचे डोळे बाहेर आले, तरी आवाज म्हणून नाही. शेवटी त्यांनी शिंग तोंडाला तसंच ठेवलं आणि घशातून मोठ्याने "पोंऽऽऽ" म्हणाले. सगळी मशीद म्हणाली, "आमेन." एवढं सांगून आत्या इतकी हसायची की वाटीतले पोहे पदरावर सांडायचे, आणि मग शालोमकाकांनाच दटावायची, "बघ, तुझ्यापायी सांडलं."

आता इतक्या लोकांचे दिवस तिच्या लक्षात कसे राहायचे? तर भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरावरून. शालोमकाका नारळी पौर्णिमेनंतर पाचव्या दिवशी, हानाबाई दिव्याच्या अवसेच्या आदल्या दिवशी, आतोबा सर्वपित्रीच्या आधी दोन दिवस. आमचे महिनेही चंद्रावरचे, पंचांगाचेही चंद्रावरचे, मग वेगळी वही कशाला? किप्पूरचा उपास आणि दसरा बहुतेक वर्षी एकाच दिवशी किंवा मागेपुढे येतात. आम्ही मशिदीत उपाशीपोटी पापांची माफी मागत असायचो आणि शेजारी सोनं द्यायला येऊन दाराला कुलूप बघून परत जायचे. एखाद्या वर्षी किप्पूर दसऱ्याच्या महिनाभर आधीच यायचा. आत्या म्हणायची, "यंदा घाई दिसतेय," आणि विषय संपवायची. तिथेच आम्ही दोघांनी थोडं डोकं चालवलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. शालोमकाकांच्या दिवशी सकाळी ताट मांडून झालं होतं, मनुका नव्हत्या, मी चष्मा पुसत होतो. इतक्यात इस्राएलमधल्या अश्दोदहून याएलचा व्हिडिओ कॉल आला. याएल शालोमकाकांची नात, तिकडेच जन्मलेली, आईकडून मराठी शिकलेली.

"आजी, मलिदा कुणासाठी?"

"कुणासाठी म्हणजे? तुझ्या आजोबांचा दिवस आज."

याएल गोंधळली. "पण तो मागच्या महिन्यात झाला. कबरीच्या दगडावरची तारीख मी फोनमध्ये घातली आहे. फोनने सांगितलं, आम्ही मेणबत्ती लावली."

"तुझ्या फोनला काय कळतंय?" आत्या म्हणाली. "तो शालोमला ओळखत होता का?"

फोन ठेवल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तासाभराने माझ्या कपाळावर घाम आला, कारण फोनचं बरोबर होतं. चांद्र वर्ष आखूड असतं, म्हणून पंचांगाला दर तीनेक वर्षांनी एक अधिक महिना घालावा लागतो. आम्हालाही लागतो. पण पंचांग तो कुठेही घालतं आणि आम्ही फक्त वसंतातल्या पुरीम सणाच्या आधी. त्या वर्षी अधिक श्रावण आला होता, आणि आमचा जादा महिना यायला अजून सहा महिने होते. म्हणजे मधल्या काळात आत्याचं कॅलेंडर आमच्या महिन्यांपेक्षा बरोबर एक महिना मागे होतं. हे काही पहिल्यांदा होत नव्हतं. पन्नास वर्षांत दर दोन-तीन वर्षांनी आत्याने निम्म्या लोकांना महिनाभर उशिरा जेवायला बोलावलं होतं.

हे मी तिला सांगितलं. गाढवपणा केला. गप्प बसायला हवं होतं.

तिने ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "म्हणजे मागच्या महिन्यात शालोम येऊन गेला असेल. आणि घरात काय होतं? उपमा."

मला हसू आलं आणि ते मी गिळलं, कारण तिचे डोळे भरले होते. आत्याला रडताना मी आतोबा गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि मला फर्मान सोडलं, "सगळ्यांना फोन लाव. म्हणावं, आत्याला जमत नाही, आपापली माणसं परत न्या."

काय सांगू तुम्हाला त्या फोनांबद्दल! बारा घरांना फोन करून मी म्हणालो, "नमस्कार, तुमचे मेलेले परत घ्यायचेत." दोघांनी फोन आपटला. एकाने विचारलं, घ्यायला पनवेलला यावं लागेल का. एक जण म्हणाला, "पंजोबा होय? त्यांचं नाव काय होतं हो?" याएल सोडली तर दिवस कोणालाच माहीत नव्हते. याएलच्या फोनला तारीख सांगितली तर तो दर वर्षी आठवण करून देतो, पण तारीखच ठाऊक नसेल तर तो बिचारा काय करणार? आणि मनुकांचं, केळ्यांचं, "पोंऽऽऽ"चं तर त्या फोनला कोणीच सांगितलं नव्हतं. आत्याने हात झटकले तर ही तेवीस माणसं खरोखरच संपणार होती.

मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "चुकीच्या दिवशी बोलावण्यापेक्षा न बोलावलेलं बरं. आणि यांनाही नाही." यांना म्हणजे आतोबांना. खऱ्या गणिताने त्यांचा दिवस आठवड्यावर आला होता. आत्या पोहे आणायला तयार नव्हती, नारळाला हात लावत नव्हती, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिने मला एकदा चक्क ओबेद म्हणून हाक मारली. तेव्हा मी खरा घाबरलो.

सोडवलं ते मैनाने. मैना मोरा बंदराची कोळीण, चाळीस वर्षं आमच्या दारावर मासळी आणणारी. कोलंबी आम्हाला वर्ज्य, म्हणून तिची पाटी बाहेर ठेवून फक्त खवल्यांचा मासा घरात आणायचा, हे तिला आमच्या पोरांपेक्षा जास्त पाठ. त्या दिवशी तिने रिकामी भिंत बघितली.

"आत्ये, क्यालेंडर कोनी काडला?"

आत्याने सगळं सांगितलं. मैना फतकल मारून ऐकत होती, मग म्हणाली, "तुमी येड्या हाव का? आमचा कावला पितराला पंचांग वाचून येतो का? भूक लागली का येतो. नाय आला तर आमी दुसरे दिशी परत वाढताव."

"आमच्यात कावळा नसतो," आत्या म्हणाली.

"नसू दे. पोहे हायेत ना? आनि त्या धोंड्याच्या म्हयन्यान जावयाला बोलवून बोलवून जेवू घालतान. त्यो मेला काय कामाचा? मंग तुमचे मानसांनीच काय पाप केलाय? त्यांना बी घाल की दोनदा."

आत्याने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "शमू," ती म्हणाली, "नारळ आण."

आतोबांचा मलिदा खऱ्या दिवशी झाला. मी हशकाबा वाचला, आत्या अवघडून बसली होती. गोष्ट सांगेना. सारखी दाराकडे बघत होती. मग महिन्याने, सर्वपित्रीच्या दोन दिवस आधी, चुकीच्या दिवशी पुन्हा ताट मांडलं आणि माझा दुसरा आशीर्वाद व्हायच्या आत तिचा चेहरा खुलला.

"आले," ती म्हणाली. "हे वेळेवर कधी आले होते?"

हे अगदी खरं होतं. बेंजामिन आतोबांचं बाजारात घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानात चाळीस घड्याळं आणि चाळीस वेळा, त्यातली आतोबा आपल्याला सोयीची धरायचे. स्वतःच्या लग्नाला ते दोन तास उशिरा पोचले, कारण वाटेत नेरे गावच्या एका माणसाचं घड्याळ बंद पडलेलं दिसलं. आत्या मशिदीत नटून बसलेली, आणि नवरदेव आले ते हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन. ही गोष्ट त्या दिवशी तिने मैनाला आणि मला अथपासून इतिपर्यंत ऐकवली, आणि मलिद्यावर आतोबांना दम भरला, "महिनाभर कुठे होतात?"

तेव्हापासून नियम ठरला. दोन गणितं एकत्र चालतील त्या वर्षी एकदा, फुटतील त्या वर्षी दोनदा. माझं हिब्रू त्यामुळे थोडं सुधारलं आणि माझी साखर वाढली.

मागच्या वर्षी, नारळी पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी, आत्या गेली. एक्क्याण्णव वर्षांची होती. सकाळी मला म्हणाली, "शमू, परवा शालोमचा दिवस, मनुका आणू नकोस." दुपारी संपलं सगळं. परवाचा मलिदा मी रडत रडत केला, मनुकांशिवाय.

यंदा अधिक ज्येष्ठ आला, म्हणजे गणितं फुटली. आत्याचा खरा दिवस याएलच्या फोनने मला आठवडाभर आधी कळवला. मी मलिदा केला, हशकाबा वाचला, "मिल्का" म्हणताना अडखळलो नाही. बाकी कोणाचा फोन आला नाही. मी बायकोला म्हणालो, बघ, पन्नास वर्षं जिने यांच्या माणसांना जेवू घातलं, तिचा दिवस एकाच्याही लक्षात नाही. खूप राग आला होता. दुसऱ्या वेळचा मलिदा करायचा नाही असं मी रागानेच ठरवून टाकलं.

महिना गेला. नारळी पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी दारात मैना, डोक्यावर पाटी नाही, पदरात दोन नारळ. "नारलाला चांगला पानी हाय," ती म्हणाली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. मी काही बोलणार तेवढ्यात फोन वाजला. अश्दोद. मग दिमोना. मग लोद. मग तेव्हा फोन आपटणाऱ्यांपैकी एक. "आज ना?" प्रत्येक जण विचारत होता. "आत्याचा दिवस?"

"खरा दिवस महिन्यापूर्वी झाला," मी घुश्शात सांगितलं.

"तो फोनचा," पलीकडून याएल म्हणाली. "आजी आजच्या दिवशी येईल. ती तर कॅलेंडर बघून येणार."

मी फोन उभा करून ठेवला, त्यात याएलने जोडलेल्या बारा घरांचे चेहरे. हशकाबा वाचायला लागलो. मिल्का हे नाव आलं आणि मला कळलं की आता मला शमू म्हणणारं जगात कोणी उरलं नाही. माझं हिब्रू त्याच पायरीवर थांबलं.

तेव्हा स्वयंपाकघरातून मैना ओरडली, "शमू, आवर! पोहे फुगतान!"