दुसरं लिंबू
टायरखाली चिरडलेल्या लिंबाचा वास आला की मला नळदुर्गच्या हायवेलगतचं आमचं अंगण आठवतं. अपघातात डोक्याला मार लागल्यावर कित्येक महिन्यांनी त्या सकाळी मी पहिल्यांदा पिकअपची किल्ली हातात घेतली होती. बायकोनं बोनेटला हळदकुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली आणि पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवली. मी गाडीसमोरच उभा होतो. रस्त्यावरून ट्रक धडधडत जात होते, प्रत्येक हॉर्नला माझ्या तळव्यांना घाम सुटत होता, पण तिला ते कळू द्यायचं नव्हतं. "एकच लिंबू ठेवलंस व्हय?" मी उगाच विचारलं. ती हसली. "दोन्ही ठेवलीत की. त्ये काय, तुमच्या डाव्या अंगाला." मी मान पुरी वळवली, तेव्हा कुठं दुसऱ्या चाकाखालचं लिंबू दिसलं. तिचं हसू तिथंच विरलं. डावीकडचं मला दिसत नव्हतं, आणि दिसत नाही हेही ठाऊक नव्हतं. अजून थोड्या वेळानं मी त्या ट्रकांत गाडी घातली असती, आणि डावीकडं तीच बसली असती. तिनं हात पुढं केला, मी किल्ली दिली. पुढं उपचार झाले, डॉक्टरांनी परवानगी दिली, आता मी गाडी चालवतो. पण दर अमावास्येला गाडीची पूजा झाली की किल्ली देण्याआधी ती विचारते, "किती लिंबं हायती?" कधी दोन ठेवते, कधी मुद्दाम एकच. एकच दिसलं की मी मान वळवून वळवून बघत राहतो, आणि दुसरं चाक मोकळं दिसलं तरी माझा विश्वास बसत नाही.