परदेशी कुपी आणि आमचे ससे

पेशी एकमेकींना कशा चिकटून राहतात, यावर आमच्या विभागात संशोधन चालायचं. विभागातली माणसं मात्र चहासुद्धा तीन गटांत पीत. मी कमलनगरची, ऐंशी सालानंतर गुलबर्ग्याला पीएच.डी.साठी आलेली. विभागप्रमुख सर माझे मार्गदर्शक होते. त्यांच्याइतका प्रयोगांचा धसका घेतलेला शास्त्रज्ञ मी पुन्हा पाहिला नाही.

पेशींच्या अंगावरची काही प्रथिनं त्यांना एकमेकींशी धरून ठेवतात. अशा एखाद्या प्रथिनावर नेमकं जाऊन बसणारं प्रतिपिंड मिळालं, तर ती पकड सुटते आणि त्या प्रथिनाचं काम कळतं. असं प्रतिपिंड सरांनी परदेशातून मागवलं. मुंबईच्या कस्टममध्ये पेटी अडकून पडली. गुलबर्ग्याला पोचली तेव्हा आत बर्फाचा मागमूस नव्हता, कुपी हाताला कोमट लागत होती.

"सर, हे खराब झालं असंल," मी म्हणाले.

"परदेशी माल हाय. तुमच्या गावचं दूध न्हाई नासायला."

फ्रीजला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, कुलूप बसलं. पाहुणे आले की सर फ्रीज उघडून कुपी दाखवत. एका आमदारांनी तर चपला काढून हात जोडले. मी प्रयोगासाठी दोन थेंब मागितले की सर म्हणत, "कामून घाई करायलीस? संपलं म्हंजे दाखवायचं काय?"

वाट पाहून कंटाळले आणि ठरवलं, प्रतिपिंड आपणच तयार करायचं. कोंबडीच्या वाढत्या गर्भाच्या पेशींचं आवरण सशाला टोचायचं. सशाचं रक्त त्याविरुद्ध प्रतिपिंड तयार करतं. सर हसले. "पाळ ससे. लग्नात आहेर म्हणून उपयोगी पडतील."

नौबाद गावच्या उबवणी केंद्रातून मी अंडी आणायची. टोपली मांडीवर घेऊन बसमध्ये अवघडून बसायची. एकदा शेजारची बाई म्हणाली, "अक्का, वाटंतच पिल्लं निघतील की गं!"

"निघू नयेत म्हणूनच घाईनं न्यायलीय," मी म्हणाले. मग ती उतरेपर्यंत माझ्याकडे संशयानं बघत राहिली.

सशांच्या कानाच्या शिरेतून रक्त काढलं, त्यातला पातळ भाग वेगळा केला आणि पेशींत मिसळला. पेशी सुटायच्या ऐवजी त्यांचे आणखी मोठे गठ्ठे झाले. सरांनी सगळ्यांना बोलावून ते दाखवलं. चहाचे तिन्ही गट त्या दिवशी माझ्यावर हसायला पहिल्यांदा एकत्र आले.

आठवडाभर मला जेवण गेलं नाही. मग उलगडा झाला. प्रतिपिंडाला दोन हात असतात. एका हातानं ही पेशी आणि दुसऱ्या हातानं ती धरून ते स्वतःच मोळी बांधत होतं. पपईच्या चिकातल्या पाचकद्रव्यानं मी त्याचे तुकडे केले, एकेक हात सुटा केला. ते पेशींत मिसळून नळी हलवत ठेवली. सूक्ष्मदर्शकात पाहिलं तर प्रत्येक पेशी एकटी तरंगत होती. तुलनेसाठी सशांना टोचण्याआधीच काढून ठेवलेल्या रक्ताच्या नळीत मात्र गठ्ठेच होते. मी व्हरांड्यात गेले आणि सशांपुढे घासाची अख्खी पेंढी टाकली.

पुढं काम तपासायला समिती आली. सरांनी समारंभानं परदेशी कुपी फोडली. तिच्यातल्या प्रतिपिंडाचेही तसेच तुकडे मलाच करायला लावले आणि ते स्वतःच्या हातानं पेशींत घातले. पेशी आनंदानं एकमेकींना चिकटून बसल्या.

"पाणी जड हाय हितलं," सर म्हणाले.

मी त्याच पाण्यातली माझी नळी पुढं ठेवली. समितीतल्या वयस्कर बाईंनी बराच वेळ सूक्ष्मदर्शकात पाहिलं. "हे कोणत्या कंपनीचं?"

मी तोंड उघडायच्या आत सर बोलले. "आमच्याच विभागाचं. सशांवर माझा पहिल्यापासून भर हाय."

"व्हय सर," मी म्हणाले, "मग ससे किती हायत ते सांगा की बाईंना."

सर खिडकीबाहेर बघू लागले. बाई हसल्या. सशांची सगळी माहिती त्यांनी मला विचारली आणि जाताना थोडं प्रतिपिंड मागून नेलं.

पदवी मला मिळाली. सरांना राज्य पातळीवरचा सत्कार मिळाला. सत्काराच्या भाषणात ते स्वदेशीवर बोलले, तासभर.